सगुण ऑइलमनचं खोबरेल

गोव्यातल्या आमोण्यात सगुणला नुसता सगुण म्हणून विचाराल तर लोक दोन-तीन घरं दाखवतील. ऑइलमन म्हणालात तर शेंबडं पोरही थेट दारात आणून सोडेल. उभा जन्म त्याने मांडवी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या इंजिनरूममध्ये काढला. वर मास्टर सुकाणू धरून ऐटीत उभा आणि खाली हा घामाने निथळत, एका हातात तेलाची झारी, दुसऱ्या हातात चिंधी. पुढे खाणी बंद पडल्या, बार्जी काठाला लागून गंजल्या, मास्टर लोक घरी जाऊन म्हातारे झाले. सगुणने मात्र फक्त इंजिन बदललं. आता अख्खा गाव त्याचं इंजिन झाला.

कुणाचं दार करकरलं, कुणाचं शिवणाचं मशीन अडलं, कुणाच्या पाळण्याच्या कड्या वाजल्या की सगुण बाटली घेऊन हजर. बोलावण्याची गरज नसे. देवळाच्या घंटेच्या कडीला त्याने एकदा इतकं तेल पाजलं की पुढच्या आरतीला ते पुजाऱ्याच्या टकलावर ठिबकलं. पुजारी कावला आणि म्हणाला, अभिषेक देवाला करतात. सगुण म्हणाला, "देव खंय कुरकुरता? कुरकुरता ती घंटा." घंटा खरोखरच कुरकुरायची थांबली होती, त्यामुळे पुजाऱ्याने टक्कल पुसलं आणि आरती पुढे चालवली.

तेल कुठलं, तर खोबरेल. स्वतःच्या माडांचे नारळ, अंगणात वाळवलेलं खोबरं आणि कारापूरच्या घाण्यावर समोर उभं राहून काढून घेतलेलं तेल. बार्जीवर कंपनीचं काळं तेल वापरावं लागलं तो नाइलाज होता, असं तो सांगायचा. जे तेल तान्ह्या पोराच्या टाळूवर चालतं आणि देवाच्या समईत चालतं ते बिजागरीत का चालू नये, हा त्याचा सवाल असे. बायको उषा म्हणायची, एक दिवस माझ्या गुडघ्यांतही झारी खुपसशील. ती गेली तेव्हा सगुणने पंधरवडाभर कशालाच तेल घातलं नाही. गावातली दारं कुरकुरली आणि लोकांना त्याच्या दुःखाचा अंदाज आला.

उषाचे केस लांब होते. थंडीत खोबरेल गोठतं, म्हणून सगुण रोज सकाळी तिची बाटली अंगणाच्या दगडी गडग्यावर उन्हात ठेवायचा. ती न्हाऊन येईपर्यंत तेल पातळ झालेलं असे. ती गेल्यावरच्या थंडीत हा गडी तरीही बाटली ठेवत राहिला. मग मुलाचं, प्रज्योतचं लग्न झालं, घरात सून आली, आणि बाटलीला पुन्हा डोकं मिळालं. याबद्दल सासरा-सुनेत कधी एक अक्षर बोलणं झालं नाही.

सून संजना पेडण्याची. जीभ अशी की बाजारात कोळणीने हात टेकावेत. नवरा बोटीवर, वर्षातले थोडेच महिने घरी. ही घरात बसून पुण्याच्या एका विमा कंपनीचं काम करायची. लोक आपल्या मोडक्या गाड्यांचे फोटो पाठवत आणि बंपर अपघातात तुटला की घरच्या भांडणात, हे संजना आमोण्यात बसून ठरवायची. कंपनीचा लॅपटॉप, कानाला ते हेडफोनचं शिंगटं, आणि बैठक पलंगावर गोधडीत. सगुणला तिचं काम कळत नसे, पण तिच्याशी भांडायला आवडे. सकाळी पाववाल्या पोदेराकडून मऊ पाव घ्यायचे की कडक उंडे इथून सुरू होऊन संध्याकाळी टीव्हीच्या आवाजावर संपणारी ही भांडणं नसती तर त्या घरात सगुणला दिवस ढकलता आला नसता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कबूल त्याने मेला तरी केलं नसतं.

पावसाळ्यात लॅपटॉप घुरघुरायला लागला. गोधडीतला कापूस आणि पलंगाखालची धूळ खाऊन त्याचा पंखा बेजार झालेला. संजनाने काही उघडलं की तो जोरात फिरू लागे आणि मीटिंगमधली पुण्याची माणसं विचारत, मॅडम, मिक्सर चालू आहे का? सगुण बाहेर सोप्यावर बसून ऐकायचा. दुखणं कळलेल्या डॉक्टरसारखी त्याची मान हलायची.

"बेअरिंग सुकलां गो त्येचा," तो शेवटी म्हणालाच. "दोन थेंब तेल–"

"बाबा, त्याका हात लावू नकात हां. कंपनीचो आसा. आत तेलाचो थेंब गेलो तर माजी नोकरी गेली म्हणून समजा."

इतकं स्वच्छ सांगितल्यावर कुणीही समजला असता. सगुणही समजला. त्याला एवढंच समजलं की हे काम ती घरात असताना करता येणार नाही.

भाऊबीजेला संजना पेडण्याला गेली. सगुणने सोप्यावर जुनी लुंगी अंथरली, चष्म्याचे स्क्रू आवळायचा बारीक पेचकस काढला आणि लॅपटॉप पालथा घातला. एकेक स्क्रू निघाला त्या जागेप्रमाणे मांडून ठेवला, आतली धूळ दाढीच्या ब्रशाने हळुवार झाडली. इथे थांबला असता तर त्याचा सत्कारच करायला हवा होता. पण पंख्याच्या मधल्या गोलावरचं कागदी लेबल त्याने नखाने उचललं, आणि आयुष्यभराच्या सवयीने खोबरेलाच्या झारीवरचा त्याचा हात सैल सुटला. सगळं परत बसवून त्याने बटण दाबलं. पंखा फिरला आणि कसलाही आवाज आला नाही. सगुणच्या डोळ्यांत अक्षरशः पाणी आलं.

संजना परतली. "बाबा, ह्येचो आवाज खंय गेलो?"

"दिवाळेची सुट्टी फक्त तुकाच? तोय मातसो आराम करूक शिकलो."

एवढा मोठा पराक्रम आणि सांगायला कुणी नाही, याचा त्याला त्रास झाला. पण लॅपटॉप शांत होता, मीटिंगमधला मिक्सर बंद झाला होता, आणि सगुण आतल्या आत फुलत होता.

मग डिसेंबरची थंडी आली. गोव्याची थंडी ती काय, पुण्याचा माणूस हसेल. पण मांडवीवर सकाळी धुकं धरतं, म्हातारी माणसं कानाला मफलर गुंडाळतात आणि खोबरेल बाटलीत पांढरा दगड होतं. वाचणाऱ्याच्या ध्यानात एव्हाना सगळं आलं असेल. सगुणच्या आलं नाही. रोज सकाळी तो गोठलेली बाटली हातात घेत होता, उन्हात ठेवत होता, आणि घरात येऊन विचारत होता, लॅपटॉपाक काय जाला?

कारण लॅपटॉप सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये बंद पडू लागला. सुरू केला की बघता बघता असा तापे की खाली हात लावता येऊ नये, आणि संजनाचं वाक्य अर्धं असताना पडदा काळा. थोडा वेळ ठेवून पुन्हा लावला की पुन्हा तेच. अकराच्या सुमाराला मात्र आपोआप शहाणा होई आणि दिवसभर निमूट चाले. उन्हाळ्यात तापणारी यंत्रं सगळ्यांनी पाहिली होती. हा नग थंडीत तापत होता.

शेजारचा शंभू गडग्यावरून म्हणाला, "दिश्ट लागल्या. मीठ-मिरसांग ओवाळ."

"कोणाची?" सगुण म्हणाला. "त्या काळ्या डब्याक बघून कोणाचे डोळे दिपले?"

तरी संजना आंघोळीला गेल्यावर त्याने मीठ-मिरची ओवाळली. न जाणो.

संजना एके दुपारी लॅपटॉप घेऊन जवळच्या साखळी गावी सिद्धेशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुपारीच गेली, त्यामुळे तिथे पंखा असा झकास फिरला की सिद्धेश तिच्याकडेच संशयाने बघू लागला. कंपनीची परवानगी असल्याशिवाय उघडणार नाही, असं त्याने सांगितलं. मग त्याने शहाणपणाच्या चार गोष्टी सांगितल्या. गोधडीवर ठेवू नका, खालची भोकं बुजतात. मागची बाजू जरा उचलून ठेवा. भोकांवरची धूळ मशीन बंद करून सुक्या ब्रशाने काढा, फुंकर मारून पंखा गरगरवू नका. पंखा सारखा फुल स्पीडवर ठेवायचा हट्ट धरू नका, झिजतो. ताप वाढेल तसा तो स्वतः वाढतो. आणि आकडा नव्वदीच्या पुढे जाऊन तिथेच राहिला तर बंद पडायची वाट न बघता आपणच बंद करा. एक छोटा प्रोग्रॅमही त्याने टाकून दिला. कोपऱ्यात दोन आकडे दिसायचे, एक तापाचा आणि एक पंख्याच्या फेऱ्यांचा.

संजनाने गोधडी सोडली आणि मेजावर बसू लागली. लॅपटॉपच्या मागे दोन करवंट्या पालथ्या घातल्या. आणि सगुणला ते दोन आकडे दिसले. कितीतरी वर्षांनी त्याच्या पुढ्यात टेंपरेचर आणि आरपीएम होतं. तो रोज सकाळी अंघोळ करून, शर्टाची बटणं लावून, समोर स्टूल टाकून ड्युटीवर बसू लागला.

"टेंपरेचर एकोणऐंशी! फॅन शून्य!" इंजिनाच्या धडधडीवर चढवायची सवय झालेला तो आवाज. पुण्यापर्यंत फोनशिवायही गेला असता.

"मॅडम," पलीकडून तिचे साहेब, अभिजीत, काळजीने म्हणाले, "घरी कुणी आजारी आहे का? सारखा ताप मोजताय."

"फॅन शून्य" हे सगुणला पटत नव्हतं. ज्या पंख्याला त्याने स्वतः तेल घातलंय तो अडेलच कसा? आकडाच खोटा असणार. प्रोग्रॅम साखळीचा होता, त्यामुळे त्याला संशय घ्यायलाही जागा मिळाली.

हे असं चाललं असताना एक दिवस जेवताना संजनाने भात कालवता कालवता सांगितलं. सोमवारी मोठ्या गिऱ्हाइकासमोर मीटिंग आहे, तिलाच सगळं मांडायचं आहे. मशीन पुन्हा बंद पडलं तर जानेवारीपासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, अभिजीत सरांनी स्पष्ट सांगितलंय. बदली मशीन हवं तरी ते ऑफिसात येणाऱ्यांनाच आधी मिळतं.

"मग जा," सगुण म्हणाला. "पुण्याक पंखे बरे आसतले."

संजनाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, ताट उचललं आणि आत गेली. सगुण हुमणातला मासा नुसता चिवडत राहिला. उषा गेल्यानंतरची ती थंडी त्याला आठवली, डोकं नसलेली बाटली घेऊन तो अंगणात उभा राहायचा ती. पुन्हा तसे दिवस काढायचे या विचाराने तो खरोखर घाबरला. बार्जीत भर मांडवीत पाणी शिरलं होतं तेव्हाही इतका घाबरला नव्हता. पण "जाऊ नको गो" एवढे तीन शब्द त्याच्या तोंडात कधी तयारच झाले नव्हते.

सोमवारी सकाळी धुकं दाट होतं. पोदेराचा भोंगा वाजून गेला. सगुणने नेहमीप्रमाणे बाटली उचलली, उलटी करून पाहिली, तेल जागचं हललं नाही. गडग्यावर कोवळं ऊन आलं होतं तिथे त्याने ती ठेवली. आज आत जाऊन ड्युटीवर बसायचा धीर होत नव्हता म्हणून तो तिथेच उभा राहिला. हळूहळू बाटलीच्या काचेलगतचं तेल सुटलं आणि मधला पांढरा गोळा सावकाश फिरला.

फिरला.

सगुण बघत राहिला. सकाळी फॅन शून्य आणि अकरानंतर चालू. दुपारी साखळीत झकास, दिवाळीत झकास आणि थंडीत बंद. ऑइलमनने जन्मात पहिल्यांदा खोबरेलाला शिवी हासडली, आणि ती इथे लिहिण्यासारखी नाही.

गप्प बसावं तर कुणाला कळणार नव्हतं. सून पुण्याला जाईल, पण ऑइलमन ऑइलमनच राहील. सांगावं तर गावभर छी-थू. आयुष्यभर एकच विद्या केली आणि तीच सुनेच्या पोटावर उठली म्हणतील. थोडा वेळ त्याने खरंच गप्प बसायचा विचार केला. मग त्याला वाटलं, सांगायचीही गरज नाही आणि तिने जायचीही नाही. मीटिंगला अजून वेळ आहे.

संजना न्हाऊन ओल्या केसांनी अंगणात आली तेव्हा गडग्यावर दोन वस्तू शेजारी शेजारी उन्हात बसल्या होत्या. एक खोबरेलाची बाटली आणि दुसरा कंपनीचा लॅपटॉप, अंगाखाली स्वच्छ पंचा अंथरलेला.

"बाबा!"

शंभूच्या घरातली कोंबडीही उडाली.

"महिनोभर मी तापता तापता म्हणून रडतंय, आनी तुमी तो वतात सुकत घातलात?"

"थंड रवाचो म्हणून घातलां."

"काय?"

सगुणने बाटलीकडे बोट दाखवलं. "त्येच्या पंख्यात ह्याच आसा."

संजनाने बाटलीकडे पाहिलं. अर्धी पातळ, अर्धी पांढरी. मग लॅपटॉपकडे पाहिलं. ती मोडक्या बंपरांवरून खोटं ओळखणारी बाई. तिला फार वेळ लागला नाही.

"केन्ना?"

"भावबीजेक."

"किती?"

"मातसा, दोन थेंब."

"बाबा."

"बरांच."

ती ओले केस हातातल्या पंच्यात बांधू लागली. भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. सगुणने खाली बघत म्हटलं, "तुज्या सायबाक सांग. म्हाताऱ्यान केलां म्हण. माजा नाव घेवन सांग, ऑइलमनान चुकीचा तेल घातला. तुजी नोकरी जाता नये." आणि मग, इतक्या वर्षांत तयार न झालेले ते शब्द कसेबसे बाहेर पडले. "तू जाव नको गो."

संजनाने लॅपटॉपच्या पाठीला हात लावून पाहिला. कोमट होता. तिने तो पंच्यासकट उचलला. "पुरे. जास्त तापलो तर बॅटरी जायत. चला, ड्युटीर बसा. आनी तोंड बंद."

नऊ वाजले. करवंट्यांवर लॅपटॉप, समोर स्टुलावर सगुण, ओठ दातांत धरून. ताप चढू लागला. साठ, पासष्ट. पंखा शून्य. पुण्याची माणसं एकेक करून पडद्यावर आली, गिऱ्हाइकाचा टायवाला माणूस आला. बहात्तर. पंखा शून्य. सगुणने देवळातल्या सगळ्या देवांची नावं घेतली आणि घंटेवर केलेल्या उपकाराची त्यांना आठवण करून दिली. आतून कसलीशी बारीक कुरकुर झाली. आकडा हलला. चारशे, बाराशे, दोन हजार. सगुणने दोन्ही हात वर केले आणि स्टुलावरून पडता पडता वाचला. संजना न अडखळता बोलत राहिली, शेवटपर्यंत.

गिऱ्हाईक खूष होऊन गेलं. अभिजीत सर थांबले. "आज मशीन शहाण्यासारखं वागलं. सापडलं का काही?"

"हो सर. फॅनमध्ये तेल गेलंय. खोबरेल. घरचं."

"लॅपटॉपच्या फॅनमध्ये? तिथे कसं जाईल?"

सगुण उठून उभा राहिला. नाव सांगायची वेळ आली होती. त्याने शर्ट नीट केला आणि घसा साफ केला.

संजनाने हाताने त्याला खाली बसवलं. "आमच्या घरात सगळ्यातच जातं, सर. इथे साखळीत नवा फॅन बसवून घेते, परवानगीचं तेवढं बघा. आणि खर्च माझ्याकडे."

सर पोट धरून हसले. मग म्हणाले, मशीनचं मिटलं, पण आजचं काम बघून वाटतं तुम्ही पुण्याला याच. इथे टीम सांभाळायला माणूस हवाय, मोठी जागा आहे. सगुण आकड्यांकडे बघत राहिला, पण त्याला आकडे दिसत नव्हते.

"नको सर," संजना म्हणाली. "मी इथेच बरी आहे."

संजनाने लॅपटॉप मिटला. सगुणला आनंद झाला होता आणि आनंद झाला की तो उलटं बोलायचा.

"व्हडली जागा दिताले. नाका कित्याक म्हणालंय? पिशी-खुळी काय तू?"

संजना केसांचा पंचा सोडत होती. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पुण्याक माजी बाटली वतात कोण ठेवतलो?"

सगुण उठून अंगणात गेला आणि त्याने उगाच नाक शिंकरलं. गडग्यापलीकडे शंभू टपूनच होता. सकाळची आरडाओरड त्याने शब्दन् शब्द ऐकली होती, संध्याकाळपर्यंत ती कारापूरपर्यंत पोचणार होती.

"अरे ऑइलमन! लॅपटॉपाच्या पंख्यात खोबरेल घातलंस म्हणे?"

"घातलां," सगुण म्हणाला. "तुज्या बापायचा काय गेला?"

ऊन सरकलं होतं आणि बाटली सावलीत आली होती. त्याने ती उचलून पुन्हा उन्हात ठेवली.